विचारा, उत्तर देतो : जहाजावरची शोभेची दारू

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही घरचे सहा जण मुंबईहून तीन रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. ज्या सहल आयोजकाकडे नोंदणी केली, त्याच्या माहितीपत्रकावर जहाजाच्या डोक्यावर फुटणाऱ्या आतषबाजीचे मोठे छायाचित्र होते. प्रत्यक्षात डेकवर रंगीत झोत आणि कानठळ्या बसवणारे संगीत एवढेच होते. चौकशी केली तेव्हा जहाजावर दारू उडवायला बंदीच असते, असे सांगण्यात आले. माझ्या भाच्याने मात्र अमेरिकेतील एका क्रूझवर दारूकाम स्वतः पाहिलेले आहे. आम्ही आमच्या जवळच्या कवठेएकंद गावचा, दारूकामासाठी प्रसिद्ध असलेला दसरा पाहत लहानाचे मोठे झालो. तिथे एका मंडळाचे औट (दारूकामाचा एक प्रकार) संपत नाहीत तोच दुसऱ्याचे सुरू होतात. क्रूझ कंपन्याही एकमेकींशी एवढी चुरस करतात, मग दारूकामात ती का दिसत नाही?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपला भाचा खरे सांगतो आहे आणि आपल्याला मिळालेले उत्तर अर्धेच खरे आहे. सरसकट बंदी नाही. मात्र अटी इतक्या आहेत की बहुतेक कंपन्या त्या वाटेला जात नाहीत. भर समुद्रात नियमाने आतषबाजी करणारी कंपनी म्हणून वर्षानुवर्षे डिस्ने क्रूझ लाइनचेच नाव घेतले जाते आणि ती कंपनी जाहिरातीतही ते ठळकपणे मांडत आली आहे. तिचे पहिले जहाज ‘डिस्ने मॅजिक’ १९९८ साली पहिल्या सफरीला निघाले. बहामा आणि कॅरिबियन बेटांकडच्या तिच्या अनेक सफरींत एक रात्र समुद्री चाच्यांच्या नावाने साजरी होते आणि तिचा शेवट दारूकामाने होतो. भाच्याने बहुधा हेच पाहिले असावे.

इतर कंपन्या मागे का राहिल्या, हे समजण्यासाठी आधी समुद्रावरच्या रात्रीचा विचार करावा लागेल. तिथे आकाशात चढणारा उजेड ही शोभा नसून भाषा आहे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या खुणा दिलेल्या आहेत. थोड्या थोड्या वेळाने एकेक करून सोडलेले, लाल तारे उधळणारे अग्निबाण ही त्यांपैकी एक आहे आणि हवाई छत्रीला लटकून जळत खाली येणारी लाल ज्योत ही दुसरी. संकट नसताना या खुणा वापरण्यास मनाई आहेच, पण त्यांच्याशी गल्लत होईल अशी कोणतीही खूण करण्यासही मनाई आहे. आपल्या डेकवर टाळ्या पडत असताना दूरवरच्या मालवाहू जहाजाचा अधिकारी ते पाहून धावून येऊ नये, म्हणून दारूकामाची वेळ आणि ठिकाण आसपासच्या जहाजांना आणि तटरक्षक यंत्रणेला आधी कळवल्याशिवाय भागत नाही.

ही सावधगिरी पोकळ नाही आणि आपण विचारलेल्या चुरशीशी तिचा जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक बोट कंपनीची रात्रीची स्वतःची ओळखखूण असे. ठरावीक रंगांच्या ज्योती किंवा रंगीत गोळे उडवून आपण कोणत्या कंपनीचे, हे जहाज दुसऱ्याला सांगत असे. टायटॅनिक ज्या व्हाइट स्टार कंपनीचे होते, तिची खूण दोन हिरव्या ज्योतींची होती. म्हणजे प्रत्येक मंडळाचा रंग वेगळा, असाच तो प्रकार! १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिकने पांढरे अग्निबाण सोडले, तेव्हा जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरून आठ अग्निबाण दिसले होते. ही खबर मिळाल्यावर त्या जहाजाचे कप्तान स्टॅन्ली लॉर्ड यांनी विचारले की हे कंपनीचे इशारे आहेत काय. त्यांचे जहाज जागचे हलले नाही. टायटॅनिक बुडाल्यानंतर झालेल्या चौकशीचे कागद वाचताना आजही अंगावर काटा येतो.

दुसरी अडचण जागेची आहे. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकानुसार, उडवायच्या गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे प्रेक्षक किमान ७० फूट लांब असावे लागतात. म्हणजे सहा इंची गोळ्याला ४२० फूट मोकळी जागा हवी. (कवठेएकंदच्या गर्दीत हे अंतर कोणी मोजायला गेले, तर पालखी सोडून बाकी सगळ्यांना शेतात उभे करावे लागेल.) रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखे अवाढव्य जहाज सुमारे ३६५ मीटर लांब असले, तरी पाण्यालगत त्याची रुंदी पन्नास मीटरच्या आतबाहेर, म्हणजे सुमारे १६० फूट भरते. त्यामुळे जहाजावरून मोठ्या गोळ्यांचा मारा करता येत नाही. लहान गोळे डेकवरून बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून उडवावे लागतात. त्यात वारा कधीच थांबत नाही. हवा पूर्ण पडलेली असली, तरी १८ नॉटने चालणाऱ्या जहाजाच्या डेकवर ताशी सुमारे ३३ किलोमीटरचा वारा आपोआप तयार होतो. जळके तुकडे आणि धूर प्रवाशांच्या अंगावर येऊ नयेत, यासाठी कप्तानाला वेग आणि दिशा दोन्ही सांभाळाव्या लागतात. वारा ऐकत नसेल, तर कार्यक्रम रद्द करावा लागतो.

साठवणीचे तर बोलायलाच नको. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्फोटकांचा वर्ग पहिला आहे आणि शोभेची दारू त्यातच मोडते. हजारो माणसे झोपतात त्याच जहाजात तिचे कोठार ठेवायचे, तर वेगळी जागा, प्रशिक्षित माणसे आणि विमा हे सारे आले. दुसरी दारू मात्र जहाजावर हवी तेवढी मिळते, हे आपल्याही लक्षात आले असेल.

आता चुरशीविषयी. ती थंडावलेली नाही, तिने फक्त अंगण बदलले. रॉयल कॅरिबियनने १९९९ साली ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फाचे मैदान आणि चढाईची भिंत आणली. डिस्नेने २०११ साली ‘ड्रीम’ जहाजाभोवती पाण्याची पारदर्शक घसरगुंडी फिरवली. नॉर्वेजियनने २०१७ साली ‘जॉय’वर छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक बांधला आणि कार्निव्हलने २०२१ साली ‘मार्डी ग्रा’वर चक्क रोलरकोस्टर बसवला. जानेवारी २०२४ मध्ये निघालेले ‘आयकॉन’ तर २० डेकचे असून त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. व्यवहार उघड आहे : घसरगुंडी एकदा बांधली की वर्षभर दिवसरात्र चालते आणि प्रत्येक छायाचित्रात दिसते, तर दारूकाम दहापंधरा मिनिटांत जळून जाते आणि पुढच्या फेरीला पुन्हा पैसे मोजावे लागतात. डिस्नेचे गणित वेगळे आहे, कारण परीकथेतल्या राजवाड्यामागे फुटणारी आतषबाजी हीच डिस्नेच्या मनोरंजन उद्यानांची ओळख आहे. ती जहाजावर दिसली नाही, तर गिऱ्हाइकाला चुकल्यासारखे वाटेल. माझ्या मते दारूकामाच्या बाबतीत इतर कंपन्या हरलेल्या नाहीत. ती कुस्ती लढण्याची त्यांना गरजच वाटलेली नाही.

प्रश्न : मग दारूकामाऐवजी ड्रोनचा खेळ का दाखवत नाहीत? त्यात आगही नाही आणि धूरही नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : सूचना चांगली आहे, पण ड्रोन जिथून उडाले त्या जागेचे अक्षांश-रेखांश धरून परत उतरतात आणि जहाज तेवढ्या वेळात तिथून निघून गेलेले असते. १८ नॉटच्या वेगाने पंधरा मिनिटांत आठ किलोमीटरहून अधिक अंतर कापले जाते. जहाज थांबवून किंवा किनाऱ्याजवळ हा खेळ करता येईल. चालत्या जहाजावरून शेकडो ड्रोन उडवून परत डेकवर उतरवणे फार अवघड आहे.

तासगावच्या वाचकांना आणखी एक सांगणे : पुढच्या वेळी पैसे भरण्यापूर्वी आयोजकाकडून जहाजाचे नाव, सफरीची तारीख आणि दारूकाम कोणत्या रात्री आहे, हे लेखी घ्यावे. तो ‘बघू’ म्हणाला, तर ते छायाचित्र दुसऱ्या जहाजाचे आहे असे समजावे.