गोळीमागून पाणी पाजता का, ते आधी सांगा

तुम्ही लिहिलंय की मांजर गोळी घेतच नाही, खाण्यात लपवली तर गोळी तेवढी बाजूला ठेवून बाकी वाटी चाटूनपुसून साफ करते, कोर्सचे अजून आठ दिवस बाकी आहेत. आणि शेवटी विचारलंय, "ओळखीचे एक जण म्हणतात, मानगूट धरायची आणि सरळ घशात ढकलायची, दोन सेकंदांचं काम आहे. हे बरोबर आहे का?"

मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. नाही, बरोबर नाही. अगदी हेच, याच शब्दांत माझ्या थोरल्या भावाने तीन वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. भोगलं ते माझ्या मांजरीने, ठकीने.

ठकी तेव्हा चार वर्षांची होती. राखाडी अंग, पुढचे दोन्ही पंजे पांढरे, वजन सव्वातीन किलो. सर्दी झाली होती, सारख्या शिंका आणि एका डोळ्यातून चिकट पाणी. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली, दिवसातून एकदा, दहा दिवस. पहिल्या दिवशी मी अर्धा तास तिच्यामागे घरभर फिरले. तीनदा गोळी बाहेर आली, चौथ्यांदा ती विरघळून माझी बोटं पिवळी झाली आणि ठकी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली. दादा त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आला होता. लहानपणापासून त्याने कुत्री-मांजरं पाळली आहेत, आणि घरात जनावरांच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. "सरक, मी दाखवतो," म्हणाला. तिला पलंगाखालून ओढून काढलं, एका हाताने मानगूट घट्ट धरली, दुसऱ्या हाताने जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकली, तोंड मिटलं, गळ्यावरून दोनदा हात फिरवला. ठकीने जीभ बाहेर काढून नाक चाटलं. "गिळली बघ. एवढंच असतं. तू उगाच लाड करतेस."

मला तेव्हा हायसं वाटलं होतं. पुढचे सहा दिवस त्यानेच गोळी दिली.

सातव्या दिवशी संध्याकाळी ती वाटीसमोर बसली, वास घेतला, ओठ चाटले आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळाने परत आली, दोन-तीन घास खाल्ले. गिळताना मान पुढे ताणली आणि डोळे मिटून घेतले. मिनिटभरात खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर आलं. उबळ नाही, पोट आतबाहेर झालं नाही, नुसती मान खाली घातली आणि ते बाहेर पडलं. बोटाएवढा लांबट आकार, कण न् कण ओळखू येत होता, आंबट वासही नव्हता. दादा म्हणाला, केसांचा गोळा अडकला असेल. मी चमच्याने उलगडून पाहिलं, त्यात एकही केस नव्हता. "मग नखरे करत असेल," म्हणाला. दोन दिवस आम्ही नखरे समजून काढले. तेवढ्यात हनुवटीखालची लव लाळेने ओली राहायला लागली.

डॉक्टरांनी तिला तपासण्याआधीच विचारलं, "गोळीमागून पाणी पाजत होतात का?"

नव्हतो. पाजायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि हे सगळ्या मांजरवाल्यांना ओरडून सांगावं असं मला तेव्हापासून वाटतं. मांजराने गोळी गिळली म्हणजे ती पोटात गेली असं नसतं. नाक चाटलं, तर गोळी घशाखाली उतरली इतकंच कळतं. पुढे अन्ननलिकेत ती चिकटून बसू शकते, आणि मांजरांमध्ये ती खरोखरच बसते. २००१ साली ३० मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात हे क्ष-किरणांनी पाहिलं गेलं. कोरडी गोळी दिल्यावर चार मिनिटांनीही निम्म्याहून जास्त मांजरांच्या अन्ननलिकेतच ती होती. मागून ६ मिली पाणी दिलं तेव्हा दोन मिनिटांच्या आत सगळ्यांच्या पोटात पोचली. फरक फक्त ६ मिली पाण्याचा, म्हणजे एक चमचा आणि वर थोडंसं.

बऱ्याच गोळ्या अशा अडकल्या तरी हळूहळू विरघळून खाली जातात, काही होत नाही. पण डॉक्सीसायक्लिन, त्यातही त्याचा हायक्लेट हा प्रकार, फार आम्लधर्मी असतो. एकाच जागी टेकून राहिला तर आतलं अस्तर भाजून काढतो. क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकबद्दलही डॉक्टर हेच बजावतात. जखम भरताना तिथे वण धरतो, वण आकसतो आणि अन्ननलिका अरुंद होते. ठकीला भूल देऊन दुर्बीण घातली तेव्हा एका ठिकाणी बॉलपेनची कांडी जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. तिथे फुगा फुगवून ती वाट रुंद करावी लागली. एकदा करून भागलं नाही, कारण वण पुन्हा आवळतो. तीन वेळा भूल, तीन वेळा फुगा. मधले दोन महिने सगळं खाणं मिक्सरमधून काढून पातळ करून दिलं. वजन २ किलो ६०० ग्रॅमवर आलं होतं. उचलली की पाठीचे मणके हाताला लागायचे.

दादा अजूनही मानत नाही. "एका मांजरावरून काय ठरवतेस? मी आजवर वीसेक मांजरांना अशाच गोळ्या दिल्यात, एकालाही काही झालं नाही." मी त्याला हेच सांगते, की त्यातल्या बहुतेक जंताच्या गोळ्या होत्या, सहा महिन्यांतून एकदा, एकच गोळी. रोज त्याच वाटेने, कोरडी, तेही भाजणारं औषध, असं त्याने पूर्वी कधी दिलंच नव्हतं. आणि वीसपैकी एखादं मांजर नंतर नीट खात नसेल, तर ते गोळीमुळे हे त्याला कळलं तरी असतं का? आम्हाला डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं.

मानगुटीबद्दलही आमचं हेच भांडण. मांजरी आपल्या पिल्लांना तिथेच धरून उचलते, म्हणून त्यांना त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणतो. अरे, ती आई आहे, आणि ते पहिल्या काही आठवड्यांचं पिल्लू आहे. मोठं मांजर तसं धरल्यावर गप्प होतं ते राजी झालं म्हणून नव्हे, घाबरून थिजलं म्हणून. आता मांजरांच्या हाताळणीबद्दल पशुवैद्यांच्या सूचनांमध्येही मानगूट धरू नका असंच सांगतात. ठकी त्या सहा दिवसांतच दादाच्या पावलांचा आवाज आला तरी कपाटावर चढून बसायची. खाणं बाहेर पडायला लागण्याच्या आधीपासून. ते मला दिसत होतं आणि मी काही बोलले नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी कशी देते ते सांगते, तुमच्या मांजराला जे मानवेल ते घ्या.

गोळी, आणि ५-६ मिली पाण्याने भरलेली बिनसुईची सिरिंज, दोन्ही आधी हाताशी. मग मांजर. लपलेल्या जागेतून ओढून काढू नका, आणि खायच्या जागी किंवा मातीच्या ट्रेजवळ तर औषध कधीच देऊ नका. त्या जागाच ते टाकून देईल. जाडसर टॉवेल टेबलावर पसरून त्यावर तिला बसवायचं, दोन्ही बाजू एकावर एक गुंडाळायच्या, चारही पंजे आत, डोकं बाहेर. घट्ट, पण छाती आवळेल इतकं नाही. तिची पाठ आपल्या पोटाला लागलेली हवी, म्हणजे तिला मागे सरकता येत नाही. डावा हात वरून डोक्यावर, अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंना गालाच्या हाडांवर. डोकं वर कलतं केलं की खालचा जबडा आपोआप थोडा सैल होतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात गोळी, मधल्या बोटाने पुढच्या बारक्या दातांवर हलका दाब. गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी. कडेला पडली तर ती चावते, कडू लागतं आणि पुढचे सगळे दिवस अवघड होतात. गोळीला अगदी थोडं लोणी चोळलं तर ती घसरते. तोंड मिटायचं आणि डोकं लगेच सरळ करायचं.

मग पाणी. हे डोकं सरळ ठेवूनच. सुळ्याच्या मागे गाल आणि दात यांच्यामध्ये सिरिंजचं टोक सरकवायचं आणि थोडं थोडं सोडायचं, अर्धा मिली, ती जीभ हलवून गिळेल, पुन्हा अर्धा मिली. डोकं वर धरून एका दमात पिचकारी मारलीत तर पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, ते आणखी वाईट. पाणी अगदीच घेत नसेल तर गोळीमागून लगेच चमचाभर ओलं, पातळ खाणं चाटायला द्या, तेही चालतं. शेवटी टॉवेल सोडायचा आणि तिला आवडतं ते खायला द्यायचं. रोज, न चुकता. ठकी आता टॉवेल पाहिला की खुशीने येते असं मी म्हणणार नाही, पण पळतही नाही.

लपवून द्यायचीच असेल तर आख्ख्या वाटीत मिसळू नका. मांजराला एकदा त्या खाण्यात कडवट लागलं की ते औषधासकट खाणंही सोडतं, आणि आजारी मांजराने खाणं सोडणं फार धोक्याचं. तीन छोटे गोळे करा. पहिला साधा, दुसऱ्यात औषध, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावायचा राहतो. पहिले एक-दोन दिवस तिन्ही साधेच दिले तर आणखी चांगलं, पण तुमचा कोर्स चालू आहे म्हणून तेवढा वेळ नाही. मधात घोळवून द्या असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. दुधातून किंवा दह्यातूनही डॉक्सीसायक्लिन देऊ नका, त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही.

आणि गोळीशिवाय काही मार्ग आहे का, ते डॉक्टरांना विचारा. हे विचारायला लोक का लाजतात मला समजत नाही. बरीच औषधं पातळ करून मिळतात. एका अँटिबायोटिकचं असं इंजेक्शन आहे की एकदा दिलं की दोन आठवडे काम करतं, सगळ्या आजारांना ते चालत नाही, पण विचारायला काय जातं. थायरॉइडचं औषध तर मलमाच्या रूपात कानाच्या आतल्या कातडीला चोळता येतं, आपल्या हातात मोजे घालून. "माझ्याच्याने गोळी देणं होत नाही" असं डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. मी पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं, दादाला नव्हे.

काही गोष्टी राहिल्या. गोळी कुटायच्या आधी विचारा. वरचं आवरण काही गोळ्यांना मुद्दाम दिलेलं असतं, शिवाय कुटल्यावर कडूपणा दुप्पट होतो. कडू लागून तोंडाला फेस आला तर घाबरू नका, मेट्रोनिडाझोलने हमखास येतो, थोड्या वेळात थांबतो. पण फेस चालूच राहिला, खाल्लेलं वर सांगितलं तसं बाहेर पडायला लागलं, किंवा २४ तास काहीच खाल्लं नाही, तर वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते. श्वास लागत असलेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मांजराशी गोळीसाठी झटापट करायचीच नाही, आधी फोन. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांकडे जा, मांजराचा दात बारीक पण खोल जातो आणि तिथे पू पटकन धरतो. आणि माणसांची कोणतीही गोळी अंदाजाने देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ते पचवायची सोयच त्याच्या यकृतात नाही.

तुमच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्सीसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन असेल, आणि आतापर्यंत कोरडीच दिली असेल, तर आज डॉक्टरांना तसं सांगा आणि मांजर खाणं गिळताना मान ताणतं का ते बघा. दुसरी कुठली असली तरी रात्रीची गोळी द्यायच्या आधी सिरिंज भरून ठेवा. गोळी दिल्यावर भरायला गेलात तर तोवर मांजर कपाटावर असेल आणि गोळी अर्ध्या वाटेत.