आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो : सॉफ्टवेअर बदलू की मशीन?

दोन्हीही नको, निदान आज तरी.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. व्हिडिओ मोबाइलवर घेता, आवाज शेजारी ठेवलेल्या वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि दोन्ही फायली वर्कस्टेशनवर आणून टाइमलाइनवर एकीखाली एक लावता. पहिल्या मिनिटाला ओठ आणि शब्द चपखल बसतात. तासाभराचं व्याख्यान संपेपर्यंत आवाज अर्धा सेकंद मागे पडलेला असतो. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम आहे, तरी प्लेबॅक अडखळतो. व्हॉइसओव्हर देताना स्वतःचाच आवाज हेडफोनात उशिरा येतो. दोन एडिटर बदलून झाले, आता तिसऱ्याचं नाव विचारताय.

तिसरा घेतलात तरी तेच होईल. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिन्हींवर एकच औषध देताय, तेही रेड्याला सोडून पखालीला. मीही हे केलंय, म्हणून एवढ्या हक्काने बोलतोय.

आधी मुख्य दुखणं. आवाज सरकतो म्हटल्यावर पहिला प्रश्न 'कुठलं सॉफ्टवेअर' हा नसतो, 'तासाला किती' हा असतो. त्या एका आकड्यावरून अर्धं निदान होतं.

पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल, तर ते सरकणं नव्हेच. फाइल चुकीच्या जागी लावली आहे किंवा तुम्ही ब्लूटूथ हेडफोनवर ऐकताय. ब्लूटूथमध्ये एक-दोन दशांश सेकंदांचा उशीर सहज होतो आणि सगळेच एडिटर तो भरून काढत नाहीत. एडिटिंगला वायरचा हेडफोन लावा, यावर चर्चा नको.

फरक तासाला ३.६ सेकंद येत असेल, तर सेकंदाला ३० फ्रेम्स (म्हणजे स्थिरचित्रं) आणि २९.९७ फ्रेम्स यांची गल्लत आहे. हा विचित्र आकडा १९५३ सालचा. अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत लुडबुड करू नयेत म्हणून सेकंदाला ३० फ्रेम्सचा वेग हजारात एकाने कमी केला. ती टीव्ही-यंत्रणा गेली, आकडा मात्र आपल्या ड्रॉपडाउनमध्ये बसून आहे.

तासाची फाइल ५५ मिनिटांत संपत असेल, तर सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो त्या आकड्याचा घोळ. सीडीचा रेट ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडिओचा ४८. पहिल्या रेटने घेतलेला आवाज दुसऱ्या रेटने वाजवला की वेग ८.८ टक्क्यांनी वाढतो आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर जातो. माझी फजिती इथेच झाली होती. प्रोजेक्ट एका रेटवर, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणक जोडणारा डबा) दुसऱ्यावर, आणि मी आठवडाभर प्लगइनांना शिव्या घालत बसलो. शेवटी ज्याचं गाणं होतं त्याने ऐकून विचारलं, "अहो, मी एवढ्या वरच्या पट्टीत कधी गायलो?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

तुमचा आकडा यांपैकी कुठलाच नाही. अर्धा सेकंद म्हणजे दहा लाखांत साधारण १४० भाग. इथे दोन संशयित उरतात.

पहिला संशयित घड्याळ. मोबाइल असो वा रेकॉर्डर, प्रत्येकात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि 'एक सेकंद' म्हणजे किती हे तोच ठरवतो. दोन उपकरणांचे स्फटिक अगदी तंतोतंत कधीच नसतात. दहा लाखांत २० भागांची चूक असली तरी तासाला ०.०७ सेकंद फरक पडतो. एक तेवढाच पुढे आणि दुसरा तेवढाच मागे असेल तर दुप्पट, ०.१४. मोठ्या स्टुडिओत सगळी यंत्रं एकाच घड्याळाला बांधलेली असतात ती म्हणूनच. पण अर्ध्या सेकंदापर्यंत पोचायचं तर घड्याळं बरीच खराब हवीत.

म्हणून माझा जास्त संशय दुसऱ्यावर आहे. मोबाइलचा व्हिडिओ बहुधा व्हेरिएबल फ्रेम रेटचा असतो. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम्स घेत नाही, कधी २९, कधी ३०. प्रत्येक फ्रेम कधीची आहे याची नोंद फाइलमध्ये असते आणि व्हिडिओ प्लेअर ती नोंद पाळतो, म्हणून फोनवर सगळं छान दिसतं. काही एडिटर मात्र सगळ्या फ्रेम्स समान अंतरावर मांडून मोकळे होतात. एका तासात १,०८,००० फ्रेम्स हव्यात. त्यातल्या अवघ्या १५ कमी पडल्या की चित्र अर्धा सेकंद आधी संपतं, आणि आपल्याला वाटतं आवाज मागे राहिला.

दोघांतला चोर ओळखायला पाच मिनिटं लागतात. मोबाइलच्या व्हिडिओबरोबर त्याचा स्वतःचा आवाजही असतो. तो कितीही वाईट असला तरी म्यूट करू नका, टाइमलाइनवर राहू द्या. आता शेवटच्या दोन मिनिटांत जा आणि वक्त्याने 'प' किंवा 'ब' ने सुरू होणारा शब्द कुठे उच्चारलाय ते शोधा. या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात आणि फटकन उघडतात. 'सर्वांचे पुन्हा एकदा आभार' यातला 'पु' घ्या. एकेक फ्रेम पुढे सरकवत ओठ सुटल्याची फ्रेम गाठा. आवाजाच्या आलेखात त्याच ठिकाणी एकदम उभा सुळका दिसायला हवा. मोबाइलच्या आवाजातला सुळका ओठांशी जुळतोय, पण रेकॉर्डरचा मागे आहे, तर घड्याळांचा फरक. मोबाइलचा स्वतःचा आवाजही स्वतःच्याच चित्राशी जुळत नसेल, तर व्हेरिएबल फ्रेम रेट. दोन्ही थोडं थोडं असेल तर दोन्ही.

खात्रीसाठी मीडियाइन्फो नावाचं मोफत साधन आहे. फाइल त्यात टाकली की 'फ्रेम रेट मोड' समोर व्हेरिएबल की कॉन्स्टंट ते लिहून येतं. नवीन फाइल हातात आली की मी एडिटर उघडण्याआधी हे बघतो.

व्हेरिएबल निघालं, तर मूळ फाइल थेट टाइमलाइनवर नेऊ नका. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट 'सेम ॲज सोर्स' असेल तो बदलून ३० निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिंब द्या. तयार झालेली फाइल एडिटरमध्ये घ्या. मूळ फाइल जपून ठेवा, पुसू नका.

घड्याळाचा फरक निघाला, तर रेकॉर्डरचा आवाज किंचित आवळायचा. इथे एक खाच आहे. बऱ्याच एडिटरांत क्लिपचा वेग टक्क्यांत आणि दोनच दशांश स्थळांपर्यंत देता येतो. ०.०१ टक्का म्हणजे तासाला ०.३६ सेकंद. तुम्हाला ०.५ हवेत, म्हणजे एक पायरी कमी पडते आणि दोन जास्त होतात. हे काम ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. उदाहरणार्थ, रीपरमध्ये ऑल्ट दाबून क्लिपची कडा ओढली की ती ताणली किंवा आवळली जाते. शेवटचा सुळका मोबाइलच्या सुळक्याखाली आणून सोडा. सूर बिघडेल ही भीती नको, इतक्या छोट्या बदलात सेमीटोनच्या शंभराव्या भागाच्या पावपटीएवढाच फरक पडतो. तो कोणाच्याच कानाला कळत नाही.

आणि हेही नको असेल तर जुना हातखंडा उपाय: दर पाच मिनिटांनी वक्ता श्वास घेतो तिथे रेकॉर्डरचा आवाज कापा आणि त्या शांततेतून ४० मिलिसेकंद काढून टाका. तासात बारा काप, झाला अर्धा सेकंद. व्याख्यानाला हे उत्तम चालतं. संगीताला चुकूनही करू नका, ताल लगेच चुगली करतो.

किती अचूक जुळवायचं यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला खटकायला लागतो, उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. कारण साधं आहे. लांबवर कोणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आपल्या मेंदूला उशिराची सवय आहे, आगाऊपणाची नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे नको.

आता अडखळणारा प्लेबॅक. याचा रॅमशी फारसा संबंध नाही. मोबाइलची फाइल एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून लहान केलेली असते आणि हे प्रकार जागा वाचवण्यासाठी बनलेत, कापाकापीसाठी नव्हेत. रोजकीर्दीत रोज पूर्ण शिल्लक न मांडता 'कालच्यापेक्षा काय बदललं' एवढंच लिहावं, तसं ते असतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र, मधल्या फ्रेम्समध्ये फक्त बदल. सरळ वाजवताना अडत नाही. पण तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी उडी मारली, की मशीनला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथपासून सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. उलटं चालवलंत तर विचारूच नका.

यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे फक्त कापाकापीपुरती बनवलेली नक्कल. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारख्या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल फुगते: फुल एचडीला प्रोरेस ४२२ तासाला साधारण ६६ जीबी घेतं, त्याचाच प्रॉक्सी प्रकार २० जीबी. पण डीकोड करायला हलकी जाते. प्रीमिअर, रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, सगळ्यांत प्रॉक्सी बनवायची सोय आहे. रात्री लावून झोपा, सकाळी प्रॉक्सीवर कापा, शेवटचं एक्सपोर्ट मूळ दर्जाच्या फाइलवरून होतं. मात्र क्रम पाळा: आधी कॉन्स्टंट, मग प्रॉक्सी. उलट केलंत तर तोच घोळ नव्या कपड्यात परत येईल.

रिझॉल्व्ह वापरत असाल तर एक गोष्ट आधीच बघा. प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट पहिली क्लिप आत घेण्याआधी ठरवायचा असतो, नंतर तो आकडा राखाडी होऊन बसतो, बदलता येत नाही. हे मला तीन तासांच्या एडिटनंतर कळलं होतं.

राहिला व्हॉइसओव्हर. ऑडिओ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर (आवाजाचे किती सॅम्पल्स साठवून मग एकदम पुढे पाठवायचे तो आकडा) बघा, बहुतेक १०२४ असेल. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल्स म्हणजे २१ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, शिवाय ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर. बोलणारा माणूस एवढ्याने गडबडतो. रेकॉर्डिंगपुरता १२८ करा, एका बाजूचा उशीर २.७ वर येतो. विंडोजवर असाल तर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडा, विंडोजचा साधा नको. बफर लहान केल्यावर चटचट आवाज आले तर २५६ ला थांबा, आणि एडिटिंगला परतलात की पुन्हा १०२४.

त्याहून सोपं म्हणजे तुमच्या इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते दाबा. मग माइकचा आवाज संगणकात जाऊन परत न येता सरळ हेडफोनात येतो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वतःलाच दोनदा ऐकाल, विहिरीत बोलल्यासारखं.

पुढच्या वेळी शूट करताना फोन आणि रेकॉर्डर दोन्ही चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, आणि बंद करण्याआधी पुन्हा एक. पहिली टाळी सगळे वाजवतात, दुसरी कोणी वाजवत नाही, आणि सरकणं मोजायला लागते ती दुसरीच. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर. फोनच्या कॅमेरा ॲपमध्ये फ्रेम रेट पक्का करायची सोय नसेल तर ती देणारं दुसरं ॲप घ्या. काही बदलायचंच असेल तर हे बदला.

'पु' वाली चाचणी करून मोबाइलचा आवाज किती फ्रेम्सने हुकतोय आणि रेकॉर्डरचा किती, हे दोन आकडे खाली लिहा. मीडियाइन्फोत काय आलं तेही. त्यावरून नेमकं किती आवळायचं ते काढून देतो.