एमपीएससी: सुरुवातीला एवढंच कर

मित्रा, एमपीएससीची (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची) तयारी कुठून सुरू करू, हे पदवीच्या शेवटच्या वर्षातच विचारलंस, बरं झालं. माझी पहिली दोन वर्षं पुस्तकं गोळा करण्यात गेली. (अजून माळ्यावर आहेत.)

आधी आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका छापून घे. मग राज्य मंडळाची शालेय पुस्तकं. जाडजूड ग्रंथ नंतर. एका विषयाला एकच पुस्तक, पण तीनदा.

नवखे हमखास घसरतात ते इथे:
- सीसॅट (राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर: आकलन, तर्क, गणित) पात्रतेपुरता म्हणून सोडतात. ३३ टक्के पडले नाहीत, तर पहिल्या पेपरात कितीही मिळवा, उपयोग नाही.
- उत्तरपत्रिकेतले गोळे अंदाजपंचे काळे करतात. चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात.
- राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक (उत्तरं सविस्तर लिहायची), तरी लिहायचा सराव शून्य. रोज एक पान लिही, भले वाईट लिही.

उपजिल्हाधिकारी हे एकच दार नाही. गट ब, गट क या त्याखालच्या श्रेणीतल्या पदांचेही अर्ज भर. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टीतच उरकून टाक.

क्लाससाठी पुण्याला जायचं का, मुख्य परीक्षेला वैकल्पिक (आपण निवडायचा) विषय कोणता, हे आत्ता नको. तीन महिन्यांनी विचार, तेव्हा सांगतो.