मेर राहू दे

प्रिय पोरी,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज मी सकाळी दूध काढून झाल्यावर वाचला. सोबत मेरा काढायच्या त्या जेसीबीवाल्याच्या कोटेशनचा फोटो बघून आधी तुझा रागच आला. परत वाचला तेव्हा कळलं की तुला स्वतःलाच ते करायचं नाहीये, 'नको' म्हणणारं कोणीतरी एक माणूस हवंय फक्त. तर मी म्हणते, नको.

तुझे चुलते म्हणतात भाताच्या चार खाचरांची दोन करू, मधल्या मेरा म्हणजे बांध काढू, वरचा दगडी गडगा मोडून रस्ता आत घेऊ म्हणजे पॉवर टिलर सरळ फिरेल. मोबाईलमधला तो माणूस म्हणतो भात सोडूनच दे, सगळीकडे फळझाडं लाव. आणि शेतीखात्याचा माणूस सांगून गेला की मेरा स्वच्छ ठेवा, कीड लपते. तिघं तीन बाजूंनी ओढतायत, त्यात वडिलांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचंय. गोंधळ होणारच. शेती करावी की नाही, परवडेल की नाही, यावर मी काही बोलणार नाही, ते तू ठरवून आलीयस. मी एकच सांगणार आणि या पत्रात तेच पुन्हा पुन्हा येणार आहे: मेरेला हात लावू नको.

का ते सांगते. २००५ च्या एप्रिलात आम्ही हेच केलं. ह्यांनी नाही, आम्ही दोघांनी, मी पुढे होते. घराचं छप्पर बदलायचं होतं, म्हणून आधी गडग्यावरची झाडं लाकूडवाल्याला दिली, ऐन, किंजळ आणि कोपऱ्यातला तो बेहडा. आपल्या जिल्ह्यात जंगल बहुतेक खाजगीच, मालकाने हो म्हटलं की ट्रक उभाच असतो. त्या बेहड्याच्या ढोलीत ककणेरची जोडी होती. पुस्तकात धनेश म्हणतात, आपण ककणेर म्हणतो. मादी ढोलीत जाऊन बसते आणि तोंड लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते, आणि नर तीन-तीन महिने वडाची उंबराची फळं आणून त्या चिरेतून तिला आणि पिल्लाला भरवत राहतो. ती आत आहे हे आम्हाला माहीत होतं. खोटं कशाला बोलू. लाकूडवाला म्हणाला आजच न्यायचं, उद्या ट्रक दुसरीकडे आहे, आणि आम्ही गप्प बसलो. त्यानंतर चार दिवस तो नर चोचीत फळ घेऊन त्या रिकाम्या जागेवर येत होता, शेजारच्या आंब्यावर बसायचा, थांबायचा आणि जायचा. एकवीस वर्षं झाली, अजून फेब्रुवारीत पंखांचा तो फसफस आवाज डोक्यावरून गेला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

मग झाडं गेलीच आहेत तर गडगा कशाला म्हणून तोही मोडला, मेरा काढल्या, चार खाचरांची दोन झाली, लोक बघायला आले, छान दिसत होतं. जुलै आला. २६ जुलै म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते, पण तो आठवडाभर कोकणातही आभाळ फाटलेलं होतं, चिपळूण बुडालं होतं. आमच्या नव्या मेरा जेसीबीने ओढलेल्या नुसत्या मातीच्या, त्यात ना मूळ ना दगड. एका रात्रीत वरचं खाचर खालच्यात उतरलं आणि खालचं पऱ्यात, ओढ्यात, गेलं. लावणी होऊन दहा दिवस झाले होते. सकाळी गेलो तर रोपं दिसतच नव्हती, नुसती लाल माती. ती माती माझ्या आजेसासऱ्यांनी टोपलीने आणून टाकलेली. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मेर म्हणजे काय हे त्या सकाळी कळलं मला, तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. तुला सव्विसाव्या वर्षी फुकट कळतंय, तर घे ना.

पुढची दोन वर्षं अजून वाईट. गडगा गेला तशी त्यातली धामण गेली, मुंगूस गेला, आणि उंदीर वाढले. भात पोटरीला आलं, लोंबी बाहेर पडायला झाली, की रात्री कुरतडायचे. तुडतुडे आले, भाताचा रस शोषणारे किडे, फवारलं, गेले, आणि पंधरा दिवसांनी दुप्पट आले. खाचराच्या मधोमध गोल गोल करपलेले पट्टे, आगीने भाजल्यासारखे. मला वाटलं औषध कमी पडलं. नंतर एका प्रशिक्षणात ऐकलं की इंडोनेशियात १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती, कारण फवारणी वाढत गेली तसे तुडतुडेही वाढत गेले, त्यांना खाणारे कोळी आधी मरत होते. मी तिथेच बसल्या बसल्या माझ्या मेरा आठवल्या. कोळी राहतात कुठे? भात कापल्यावर, उन्हाळ्यात खाचर तडकलेलं असताना ते जातात कुठे? मेरेवरच्या गवतात. ती मेर आम्ही काढली होती आणि उरलेल्या दोन मेरांवर तणनाशक मारलं होतं.

आता तू म्हणशील की शेतीखात्याचा माणूस सांगतो ते चूक का. चूक नाही, अर्धं आहे. निळे भुंगेरे गवतात राहतात हे खरं, लोंबीत दूध भरलं की ढेकण्या गवतातूनच येतात हेही खरं. म्हणून मी मेर कापते, पण सगळी एकदम नाही. श्रावणात भात पोटरीत यायच्या आधी एका बाजूच्या मेरा विळ्याने कापायच्या, गवत गाईला, दुसऱ्या बाजूच्या तशाच ठेवायच्या, पुढच्या वर्षी बाजू बदलायची. मूळ उपटायचं नाही, तणनाशक तर अजिबात नाही, मूळ मेलं की पुढच्या पावसात मेर ढासळलीच समज. खेकडा पोखरतो, त्याने रात्रीत खाचराचं पाणी जातं, हो, जातं. पहाटे उठून भोक शोधायचं, गवत आणि चिखलाचा गोळा कोंबून टाचेने दाबायचं. एवढं जमत नसेल तर भातशेती करू नको, पण मेरेला दोष देऊ नको.

तू विचारलंस की वर्षभर नक्की काय काय करायचं ते लिहून दे. तक्ता मी देणार नाही, तक्ता दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या दैनंदिनीत मिळेल. मी तुला मेरेवर उभी राहून वर्ष कसं दिसतं ते सांगते.

आता रोहिणी नक्षत्र आहे. या आठवड्यात संध्याकाळी साडेसातनंतर पऱ्याच्या बाजूला जाऊन बघ, काजवे सुरू झाले असतील. काजव्याची अळी गोगलगायी खाते, ओल्या पाचोळ्यात राहते. पाचोळा जाळलास, गडगा मोडलास, की काजवाही नाही आणि गोगलगायी तुझ्या रोपांवर. मृगाचे दोन पाऊस झाले की गडग्याच्या सावलीत शेवळं येतात, ती काढ, पण भाजी काकडाची फळं घालूनच कर नाहीतर घसा धरेल. मग टाकळा, भारंगी, फोडशी. चढणीचे मासे खाचरात येतात ते मेरेतल्या पाणी जायच्या मोरीतून, त्या मोऱ्या सिमेंटने बुजवू नको. आर्द्रात चिखलणी, लावणी, तेव्हा तुला कशाचंच भान राहणार नाही, नुसती कंबर. गौरी आल्या की तेरडा लागतो, आपल्याकडे गौर तेरड्याचीच, आणि तेरडा कुठे असतो? आमच्या वाडीत ज्यांनी मेरा साफ केल्या त्या घरच्या सुना आता माझ्या मेरेवर तेरडा न्यायला येतात. मी देते. पण दरवर्षी सांगते त्यांना, आणि दरवर्षी त्या हसतात.

दिवाळीच्या आगेमागे कापणी, झोडणी. तेव्हा खाचरात दोन-चार बांबू रोवून ठेव आडवी काठी बांधून, रात्री घुबडं बसतात, उंदीर उचलतात. ओल आहे तोवर वाल, पावटा, कुळीथ टाक, उशीर करू नको, ओल आठवड्यात पळते. पौष-माघात काजू मोहरतो आणि तेव्हा मला माझ्या गडग्याची सगळ्यात जास्त किंमत कळते, कारण सातेरी मधमाश्यांची पोळी त्या दगडांच्या पोकळीत आहेत. लोक पेट्या विकत आणतात. आण, चांगलं आहे, पण आहेत त्यांची घरं मोडून नवीन आणण्यात काय अर्थ आहे?

फाल्गुनात वणवा. याच्यावर मात्र लक्ष दे, कारण एका दुपारी वीस वर्षांचं काम जातं. माघ संपायच्या आत वरकसाच्या, उताराच्या माळजमिनीच्या, कडेने दहा-बारा फुटाची पट्टी कापून, वारा नसताना, चार माणसं आणि पाणी घेऊन जाळून घ्यायची. एकटीने करायचं नाही. आणि राबासाठी, रोपांची जागा भाजायला, ऐनाची कवळं म्हणजे पानांच्या डहाळ्या तोडायच्या नाहीत, मेरेवर गिरीपुष्प लाव, त्याचा पाला चिखलात गाडला की खतही होतं. बाहेरचं झाड आहे, मला फार प्रेम नाही त्याचं, पण त्याने माझे ऐन वाचवले.

डुकरांचं आणि माकडांचं विचारलंयस. इथे मी तुला गोड काही सांगणार नाही. भुईमूग मी सोडला. नाचणी एका वर्षी येते, एका वर्षी जाते. हळदीला माकड सहसा हात लावत नाही म्हणून परसात हळद वाढवली. कोंबड्यांचं खुराडं दगडी कर, दाराला जाड जाळी लाव, पैसे तिथे घाल, म्हणजे उदमांजराशी वैर राहत नाही. लोंबी भरली की शेतातल्या मांगरात झोपायला लागतं, पंधरा-वीस रात्री, त्याला पर्याय नाही. फास मात्र लावायचा नाही. कोणी सांगितलं तरी नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, भेकर अडकतं, आणि ते ओरडणं तुला घरापर्यंत ऐकू येतं.

वाडीत म्हणतात काकीच्या मेरांमुळे डुकरं येतात. तुझे चुलतेही हेच म्हणाले असणार, मला माहीत आहे. अगं, डुकरं माझ्या दोन हात रुंद मेरेत राहतात का? ती राहतात ओस पडलेल्या वरकसांत, मुंबईला गेलेल्या एकेका घरामागे दोन-दोन एकर रानमोडीचं तण माजलंय त्यात. हे कोणी बोलत नाही कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी मुंबईला आहे. माझाही आहे, पुण्याला. तो मागच्या गणपतीत म्हणाला, आई, मधल्या मेरा परत घातल्या नसत्यास तर ट्रॅक्टर फिरला असता, तर मी राहिलो असतो. मी काही बोलले नाही. पण तो राहिला नसता. २००५ ला मेरा नव्हत्याच की, तेव्हा तो बारावीत होता आणि तेव्हाही त्याला जायचंच होतं. मी त्या मेरा परत घातल्या त्या हट्टाने नाही घातल्या, म्हणजे हट्ट होताच, पण नुसता हट्ट नव्हता. सहा उन्हाळे लागले. ह्यांनी दगड वाहिले, मी रचले, जाऊबाई बोलायच्या बंद झाल्या कारण गडग्याची रेघ एक हात त्यांच्या बाजूला गेली असं त्यांचं म्हणणं. गेली नव्हती, जुना पाया तिथेच होता, दगड दिसतायत अजून. २०२१ च्या जुलैत परत चिपळूण बुडालं तेव्हा मी रात्रभर जागी होते आणि उजाडताच छत्री न घेता धावत गेले. एक मेर फुटली होती, दोन हात. बाकी सगळं जागेवर. ह्यांना ते बघायला मिळालं नाही, ते त्याच्या आदल्या वर्षी गेले. मला त्यांना दाखवायचं होतं.

असो. तू रडत बसू नको आणि मला सॉरीचे मेसेज पाठवू नको. कोटेशनवाल्याला आजच फोन कर. ॲडव्हान्स दिला असशील तर गेला समज, माझं यापेक्षा किती गेलंय. चुलत्यांना सांग टिलर लहान घेऊ, लहान टिलर उचलून मेरेपलीकडे नेता येतो, दोन माणसं पुरतात, मी तसाच वापरते. भांडले तर भांडू दे, पण मेर तुझ्या नावावर आहे, तू नाही म्हण आणि गप्प बस. समजावत बसलीस की हरलीस.

वरच्या गडग्याचे तीन ठिकाणी दगड पडलेत, तुझ्या फोटोत दिसतायत. मृगाच्या आत ते लावायला हवेत, मी रविवारी येते, पहिल्या एसटीने. मोठे दगड खाली, सांदीत बारीक खडी, माती भरायची नाही. हातमोजे घाल आणि दगड उचलायच्या आधी काठीने हलव, या दिवसात विंचू असतात. संध्याकाळी थांबेन मी. बॅटरी ठेव जवळ, पण पऱ्यापाशी गेल्यावर ती बंद करायची.

तुझी,
काकी