तालुक्यावर न्यूज पोर्टल काढलं तर कमाई होते का? अन् अशा स्वतंत्र वेबसाइटी बंद का पडतात?

कमाईचं आधीच सांगून टाकतो, गूगलच्या जाहिरातीवर तालुक्याचं पोर्टल चालत नाही. होस्टिंग (साइट नेटवर ठेवायचं भाडं) अन् पेट्रोल निघालं तरी नारळ फोडा. आता बंद का पडतात ते. सगळे म्हणतात मराठीत वाचक नाही. साफ खोटं.

आमचं पोर्टल यवतमाळ जिल्ह्यातलं, मी अन् माझा साळा मिळून काढलेलं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं अन् पाहता पाहता धुऱ्यावर बसलेला माणूसही आमची लिंक उघडायला लागला. मग 2017 चा तो फवारणीचा हंगाम. त्या साली पऱ्हाटी म्हणजे कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा मारला की तोंडावरच यायचा, त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. मी वार्डात गेलो तर एकाच्या डोळ्यावर ओला फडका, अन् हात पलंगाच्या दांडीला लुगड्याच्या चिंधीनं बांधलेले, कारण तो सलाइन उपसून टाकत होता. त्याची बायको म्हणे, "भाऊ, तुमी पेपरवाले हा न? मंग लिहा, हातमोजे कोनंच देल्ले नाही." तेच जसंच्या तसं टाकलं. रात्री एवढे लोक आले की आमचं स्वस्तातलं होस्टिंग बसलं. म्हणे वाचक नाही!

सकाळी आमच्या सगळ्यात मोठ्या जाहिरातदाराचा फोन, एक कृषी केंद्रवाला. बातमी काढा नाहीतर दिवाळीची जाहिरात विसरा. साळा म्हणे, "भाऊजी, काढून टाका न, काऊन पंगा घेऊन राह्यले?" मी म्हटलं जाहिरातच नको, वाचकाकडून महिन्याला तीस रुपये घेऊ. तर तो हासला. "आपले लोक खर्ऱ्याले पैसे देतीन, बातमीले नाही."

बातमी राहिली, जाहिरात गेली. वरून 2018 च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीर केलं की मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दाखवू, अन् बातम्यांची पानं मागं पडली. आमचे निम्म्याहून जास्त लोक तिथूनच यायचे, ते आटले. वाचकाकडून तीस रुपये घ्यायचं शेवटपर्यंत करूच दिलं नाही साळ्यानं. डोमेन, म्हणजे साइटचा नेटवरचा पत्ता, त्याच्या नावावर कारण पैसे भरायचं कार्ड त्याच्याकडं होतं, त्यामुळं आमचं फाटल्यावर पोर्टल त्याच्याकडं गेलं. आता तिथं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा अन् राशिभविष्य असते. साळा म्हणतो चालू तर आहे न.

लग्नाकार्यात भेटला की अजून हाच वाद. मी म्हणतो दिल्लीची न्यूजलाँड्री ही बातम्यांची वेबसाइट 2012 पासून आहे, वाचकांच्या वर्गणीवर उभी आहे. तो म्हणतो ते शहरवाले, पैसेवाले. मग मी उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटच्या खबर लहरियाचं नाव काढतो, 2002 मध्ये गावातल्या बायांनी तिथल्या बुंदेली बोलीत पेपर सुरू केला, गावोगावी फिरून विकला, पुढं मोबाइलवर व्हिडिओवर आल्या. ते शहरवाले का बे? यावर तो पंगतीत वाढायला उठून जातो.

तर तुम्ही काढणार असाल तर डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, साळ्याच्या नाही. एकाच दुकानदाराच्या जाहिरातीवर महिना काढू नका. पैसे पहिल्या दिवसापासून मागा, फुकटाची सवय लागल्यावर मागितले तर लोक व्हॉट्सॲप ग्रुपच सोडतात. अन् लोक कशाला पैसे देतात तर आज कापसाला काय भाव फुटला, सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी कोणत्या जिनिंगवर सुरू आहे, तिथं गाड्यांची लाइन किती आहे, याला देतात. भाषणाच्या बातमीला कोणी देत नाही, तिथं साळा बरोबर आहे पण त्याला सांगू नका.

हो, एक राहिलं. केंद्र सरकारच्या 2021 च्या आयटी नियमांत न्यूज पोर्टलनं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव अन् संपर्क साइटवर टाकावा असं आहे, म्हणजे पुढारी असो की दुकानदार, नोटीस कुठं पाठवायची ते त्यांना आयतं भेटते. अन् खबर लहरियाच्या पाठीशी सुरुवातीला निरंतर नावाची संस्था होती, निव्वळ विक्रीवर ते उभं राहिलं नाही, हे साळ्याला मी अजून बोललो नाही.