रिंगसारखा रेणू क्लोराइडला पकडतो कसा?

तुमचा प्रश्न असा की ज्या रिंगवर स्वतःचा काहीच चार्ज नाही ती ऋण आयनाला कशी काय धरून ठेवते. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॅलिक्स[4]पायरोल नावाच्या अशाच एका रिंगवर काम केलंय, त्यामुळे त्याच्यावरूनच सांगतो.

हा रेणू बनवायला सोपाय, पायरोल (एक नायट्रोजन असलेली पाच अणूंची छोटी रिंग) आणि अ‍ॅसिटोन घ्या, थोडं अ‍ॅसिड टाका, पांढरे स्फटिक पडतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने 1886 मध्येच बनवला होता. पण तो अ‍ॅनायन म्हणजे ऋण आयन धरतो हे अमेरिकेतल्या सेसलरच्या ग्रुपने दाखवलं 1996 ला, म्हणजे तब्बल 110 वर्षांनी! मला याचं अजूनही नवल वाटतं.

रिंगमध्ये चार पायरोल, प्रत्येकाला एक एनएच, म्हणजे नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन. रिंग मोकळी असते तेव्हा ते आलटून पालटून एक वर एक खाली असे असतात. क्लोराइड जवळ आला की चौघंही त्याच्याकडे वळतात, चार हायड्रोजन बाँड (थोड्या धन झालेल्या हायड्रोजनची ऋण आयनाकडची ओढ) बनतात आणि रिंगची वाटी होते. गंमत म्हणजे क्लोराइड वाटीच्या आत नसतोच, तो बाहेरून बुडाशी बसतो, आणि आतल्या पोकळीत सीझियमसारखा मोठा धन आयन जाऊन बसू शकतो. मी डीएमएसओ या सॉल्व्हंटमधल्या रिंगमध्ये टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइड हे मीठ थोडं थोडं टाकून एनएमआर (हायड्रोजनच्या भोवती काय बदललं ते दाखवणारा आलेख) काढायचो, दर वेळी त्यात एनएचचा पीक अजून डावीकडे सरकलेला दिसायचा, तो पहिल्यांदा सरकलेला बघितला तेव्हा मला अक्षरशः क्लोराइड बसताना दिसतोय असं वाटलं होतं.

पायरोलचाच एनएच लागतो असंही नाही. 1968 मध्ये ड्युपाँट कंपनीच्या पार्क आणि सिमन्सनी जे पिंजऱ्यासारखे रेणू केले त्यांच्यात प्रोटॉन घेतलेले दोन नायट्रोजन होते, म्हणजे तिथे धन चार्जची ओढ पण होती. आणि 2019 मध्ये अमेरिकेतल्या फ्लडच्या ग्रुपने ट्रायझोलचा (तीन नायट्रोजन असलेल्या छोट्या रिंगांचा) असा पिंजरा केला की तो नुसत्या सीएचच्या म्हणजे कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनच्या जोरावर क्लोराइड धरतो, डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये त्याचा बाइंडिंग कॉन्स्टंट (पकड किती घट्ट याचा आकडा) 10 चा 17 वा घात येतो.

पण खरी मारामारी सॉल्व्हंटशी असते. बायरच्या रिंगचा म्हणजे कॅलिक्स[4]पायरोलचा हाच आकडा डायक्लोरोमिथेनमध्ये फ्लोराइडसाठी 17,000 च्या वर आणि क्लोराइडसाठी 350 आला होता, ते वाचून वाटतं की आता यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड याने सहज काढता येईल. तसं होत नाही हो. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट बसलेले असतात की ते सोडवायला मोलमागे साडेचारशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा लागते आणि चार एनएच मिळून तेवढी भरपाई करू शकत नाहीत, शिवाय ही साधी रिंग पाण्यात विरघळतही नाही. म्हणून आता लोक रिंगला पॉलिमरमध्ये अडकवतात किंवा तिच्यावर भिंती चढवून आयनाला पाण्यापासून झाकतात, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे.