"कळलं का?" "हो सर!" आणि टेस्टला कोरा पेपर

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. एफवायला चाळीसेक पोरं आहेत, हजेरी झाली की निम्मी मोबाईलमध्ये. "कळलं का?" विचारलं की सगळे एका सुरात "हो सर", आणि टेस्टला कोरे पेपर. मी रात्री जागून पीपीटी बनवतो. प्राचार्य म्हणतात वर्ग इंटरेस्टिंग करा, पोरं म्हणतात सर फक्त नोट्स द्या. सगळी जबाबदारी शिक्षकाचीच का?
– एक प्राध्यापक, मराठवाडा

उत्तर : नाही सर, सगळी तुमची नाही. पोरं अठरा वर्षांची झालीयेत, मतदान करतात, त्यांचा वाटा आहेच. पण सुरुवात तुम्हालाच करावी लागेल, कारण वर्गात काय विचारायचं हे तुमच्या हातात असतं.

"कळलं का" हे विचारणं आधी बंद करा. चारचौघांत "नाही कळलं" म्हणायला हिंमत लागते, त्यात दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं, अकरावीला एकदम इंग्रजी, दोन वर्षं गाईडवर कशीबशी काढलेली, ती इंग्रजीत शंका विचारतील कुठून? ७५ टक्के हजेरीच्या नियमाने पोरगं बाकावर येऊन बसतं, बाकी काही होत नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांचंही असंच झालं होतं. त्यांची मुलं विजेच्या सर्किटची, किरचॉफच्या नियमांची अवघड गणितं सोडवायची, पण बॅटरीला एका ओळीत तीन सारखे बल्ब जोडलेत आणि तिसऱ्या बल्बच्या दोन टोकांना जोडणारी वायर स्विचने सुरू केली तर काय होईल, एवढ्यावर अडायची. मग १९९१च्या सुमाराला त्यांनी लेक्चर मध्येच थांबवून प्रश्न टाकायचा आणि मुलांनाच एकमेकांशी बोलू द्यायचं असं सुरू केलं.

मी माझ्या वर्गात हेच बल्ब फळ्यावर काढले होते. तीन पर्याय दिले, जो पर्याय वाटतो तितकी बोटं छातीशी धरून दाखवा म्हटलं म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही आणि लाजही वाटत नाही. निम्म्याहून जास्त चुकले. मी उत्तर सांगितलं नाही, म्हटलं दोन मिनिटं शेजाऱ्याशी भांडा, मराठीत भांडा. आणि सबंध टर्ममध्ये तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं करंटला मोकळी वाट मिळाली तर तो बल्बमधून कशाला जाईल?" बरोबर होतं तिचं, तिसरा विझतो आणि उरलेले दोन जास्त उजळतात. ते वाक्य मी तसंच फळ्यावर लिहिलं.

आता पोरांचा वाटा. हे त्यांना पहिल्याच तासाला समोरासमोर सांगा : येताना दोन पानं वाचून यायचं, मोबाईल बॅगेत, आणि चुकलं तरी बोट वर करायचंच. बदल्यात तुम्ही शब्द द्या की चुकीच्या उत्तरावर कुणाला हसणार नाही आणि हसू देणार नाही. हा शब्द एकदा जरी मोडला ना, तरी वर्ग परत गप्प होतो.

पोरं कुरकुरतील, "सर शिकवतच नाहीत" असंही म्हणतील. हार्वर्डमध्येच झालेल्या, २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटलं की आपण कमी शिकलो, कारण डोक्याला ताण पडतो. हेही त्यांना आधीच सांगून टाका.

आणि सर, तासिकेचं मानधन तासाचंच मिळतं, तयारीचं नाही, हे मला माहितीये. म्हणून रात्रभर जागून पीपीटी करू नका, एका तासाला एकच चांगला प्रश्न काढा, पुरे. पहिल्या दिवशी पाच-सहाच बोटं वर आली तरी थांबू नका. महिन्याभराने मला लिहा, मागच्या बाकावरून कोण बोललं ते.